दोन माइकांमधली जागा

गुणवंत देवघरे वीज मंडळात नकाशे काढायचे. पण जबलपूरच्या मराठी घरांत त्यांची ती ओळख कोणाला फारशी नव्हती. गढ्यापासून राइट टाउनपर्यंत सगळे त्यांना रेकॉर्डिंगवाले देवघरे म्हणत. कोणाकडे बैठक असली, की स्कूटरवर पायाशी कॅसेट डेक, मागे दोन स्टँड बांधलेले आणि खांद्याला झोळी, अशी त्यांची स्वारी गाणाऱ्याच्याही आधी पोहोचायची. पैसे घेत नसत. चहा मात्र दोनदा लागायचा.

बाकीचे लोक गवयापुढे एक माइक ठेवून मोकळे होत. गुणवंतांचे दोन असत. "माणूस काय एका कानानं ऐकते?" ते म्हणायचे. "तबला कुठे आहे, पेटी कुठे आहे, हे दोन कान मिळून ठरवतात. माइकचंही तसंच." हे दोन माइक किती अंतरावर ठेवायचे, कोणत्या बाजूला वळवायचे, यातच त्यांचा अर्धा तास जाई. साजिंदे वाद्यं सुरात लावत असताना ते डोळे मिटून खोलीभर फिरत. एका जागी थांबत, अर्धं पाऊल मागे घेत, मान जरा तिरपी करत. मुलं हसायची. गुणवंतांना त्याचं काही वाटत नसे. ती जागा सापडली, की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते पगाराच्या दिवशीही दिसत नसे, असं त्यांच्या बायकोचं, शकुताईंचं म्हणणं होतं.

शकुताईंना स्वतःला गाण्याची आवड नव्हती. नवऱ्याबरोबर बैठकीला जावं लागलं तर त्या विणकाम घेऊन जात.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत एका सकाळी गुणवंत उठले ते डाव्या कानात टाकी भरत असल्यासारखा आवाज घेऊनच. सर्दी असेल म्हणून कोमट तेल घातलं. शेक घेतला. आठवडा असाच गेला, टाकीचा आवाज थांबला, आणि त्याबरोबर त्या बाजूचं सगळंच थांबलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

"नस गई, देवघरेजी. उसी दिन आ जाते तो कुछ कोशिश करते."

घरी आल्यावर त्यांनी हेडफोन लावून आपली सगळ्यात आवडती कॅसेट ऐकली. गाणं होतं, पण सगळे वाजवणारे एकाच पोत्यात भरून उजव्या कानाशी आणून ठेवल्यासारखे वाटत होते. त्यांनी डेक कपाटात ठेवला, दोन्ही माइक जुन्या धोतरात गुंडाळले, आणि विचारेल त्याला सांगू लागले की डेकचा पट्टा तुटला आहे, मिळून नाही राहिला. खरं फक्त शकुताईंना माहीत होतं. ऑफिसात ते आता नेहमी डावीकडे भिंत येईल असे बसत, म्हणजे बोलणारा उजवीकडेच येईल.

ऑक्टोबरात इंदिराबाई वझलवार त्यांच्या घरी आल्या. इंदिराबाई म्हणजे गढ्यातल्या गाण्याच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी शिकवायच्या. मराठी मुली थोड्या, हिंदी घरातल्याच जास्त. त्यांचं माहेर अमरावतीचं. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भाऊबंद तिकडच्या राज्यात गेले आणि त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इथेच राहिल्या. कधी रेडिओवर गायल्या नाहीत, कधी मोठ्या मंचावर बसल्या नाहीत. पण त्यांची तोडी ज्यांनी ऐकली होती, ते लोक दुसऱ्या कोणाच्या तोडीला दाद देत नसत.

त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा होता. पाण्याचा पेला हातात धरून त्या म्हणाल्या, "गळ्यात गाठ आहे, गुणवंता. चांगली नाही. नागपूरला काढणार आहेत. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर काही बोलून नाही राहिले. त्याआधी एकदा गाऊन घेते. तू भरून ठेव."

 तुटलेल्या पट्ट्याची गोष्ट गुणवंतांच्या तोंडाशी आली आणि तिथेच राहिली.

"ठेवतो, बाई," ते म्हणाले.

बाई फाटकाबाहेर गेल्या आणि शकुताई स्वयंपाकघरातून आल्या. "काहून हो म्हटलं तुम्ही?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"खरं सांगायचं होतं. दुसरं कोणी पाहिलं असतं त्यांनी."

"दुसरं कोण आहे या गावात?" गुणवंत एकदम ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "उजवा कान आहे न माझा. हेडफोन उलटा लावला की डाव्या माइकचाही आवाज उजव्या कानात येते. एकेक करून दोन्ही तपासतो मी."

शकुताईंनी थोडा विचार केला. "अन् दोन्ही मिळून कसं वाटते, ते?"

गुणवंतांनी चपला घातल्या. ते पानपट्टीपर्यंत जाऊन येतो म्हणून बाहेर पडले.

बैठक रविवारी सकाळी ठरली, राममंदिराच्या सभामंडपात. शकुताई त्या दिवशी विणकाम न घेताच निघाल्या. मंडप मोठा होता. मध्ये इंदिराबाई, त्यांच्या उजव्या हाताला तबल्यावर तुळशीराम, डाव्या हाताला पेटीवर त्यांची विद्यार्थिनी पुष्पा. ऐकणारे चाळीस-पन्नास. आपल्या नेहमीच्या लहान खोल्यांपेक्षा इथे जागा जास्त आहे, आणि तबला-पेटी एकमेकांपासून लांब आहेत, हे पाहून गुणवंतांनी एक माइक तबल्याच्या बाजूच्या खांबाशी उभा केला आणि दुसरा पेटीच्या बाजूच्या. हेडफोन सुलटा लावून ऐकलं, उलटा लावून ऐकलं. दोन्ही आवाज स्वच्छ होते.

मग त्यांनी हेडफोन शकुताईंच्या हातात दिला. "ऐक. कसं वाटते?"

शकुताईंनी तो अवघडत डोक्यावर चढवला. बाई सूर लावत होत्या. शकुताईंनी एकदा समोर पाहिलं, मग डोळे मिटले, मग पुन्हा समोर पाहिलं.

"तबला इकडे आहे. पेटी तिकडे आहे. बाई नाहीत."

"नाहीत म्हणजे? आवाज येऊन नाही राहिला?"

"येऊन राहिला. पण मध्ये कोणी बसलंच नाही. कधी तबल्याजवळून गातात, कधी पेटीजवळून. मध्ये खड्डा आहे."

गुणवंतांचा चेहरा उतरला. माइक गरजेपेक्षा लांब गेले, की मधली जागा रिकामी पडते, हे त्यांच्याइतकं त्या मंडपात कोणाला ठाऊक नव्हतं. तरी ते म्हणाले, "तुला सवय नाही हेडफोनची. पहिल्यांदा असंच वाटते."

"अहो, मला गाणं नाही समजत. पण माणूस कुठे बसला आहे, ते समजते."

"बस झालं, शकु."

लोक पाहत होते. तुळशीरामनं तबल्यावरून हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, "गुणवंतभैया, हो गया? सुरू करायचं?"

"करा," गुणवंत म्हणाले आणि डेकचं लाल बटण दाबलं.

इंदिराबाई तोडी गायल्या. सुरुवातीला घसा अडखळला, पण मग कुठून कोण जाणे, आवाज मोकळा झाला. महिनोन्महिने जो खरखरीत लागत होता तो धैवत असा उभा राहिला, की पुष्पाची बोटं पेटीवर क्षणभर थांबली. लोक हलायचे थांबले. गुणवंत कॅसेट फिरताना बघत होते. हेडफोन सुलटा, मग उलटा. आवाज पुरेसा येत होता, कुठे फाटत नव्हता. पण बायकोचं वाक्य काही डोक्यातून जाईना. आपण ज्या जागेवर इतकी वर्षं डोळे मिटून जाऊन पोहोचायचो, ती आज इथेच कुठेतरी आहे आणि आपल्याला दिसत नाही, हे त्यांना त्या तासाभरात पुरतं कळलं. उठून माइक हलवावेत, तर राग मोडेल. बसून राहावं, तर हे असंच भरत जाईल. ते बसून राहिले.

तोडी संपली. चहा फिरला. गुणवंत उठून बाईंजवळ गेले.

"बाई, माइक हलवायचे आहेत."

"का रे? नीट नाही आलं?"

तुळशीराम होता, पुष्पा होती, पुढच्या ओळीतले लोक होते. गुणवंत खाली बसले. "माझा डावा कान गेला आहे, बाई. जानेवारीतच गेला. मी तुम्हाला सांगितलं नाही. शकु म्हणाली होती की मध्ये खड्डा पडला आहे, माइक लांब गेले आहेत. मी ऐकलं नाही तिचं."

 तुळशीराम बोटांना लावायच्या पावडरचा मांडीवरचा डाग झटकत राहिला. इंदिराबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"पूर्ण तोडी गायले मी, गुणवंता."

"हो, बाई."

"पुन्हा नाही होणार आज."

"माहीत आहे."

 बाई शकुताईंकडे वळून म्हणाल्या, "ये ग. तू सांग याला कुठे ठेवायचे ते. एक भजन गाते. तेवढा दम आहे अजून."

गुणवंतांनी दोन्ही माइक एकाच स्टँडवर आणले, तोंडाशी तोंड भिडतील असे, एकाची मान तबल्याकडे वळलेली आणि दुसऱ्याची पेटीकडे. स्टँड बाईंच्या समोर ठेवला. शकुताई हेडफोन लावून भिंतीशी बसल्या आणि हातानं सांगू लागल्या. मागे. अजून मागे. नाही, एवढं नाही. गुणवंत बोट बोट सरकवत होते आणि नजर बायकोच्या हातावर होती. शेवटी तो हात थांबला. शकुताई कान देऊन ऐकत होत्या. त्यांच्या नवऱ्यानं त्यांना गाण्यासमोर असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आल्या," त्या म्हणाल्या.

भजन धीम्या लयीचं होतं. पहिला अंतरा झाला. दुसऱ्यात वरच्या षड्जाकडे जाताना बाईंचा आवाज फुटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा आवाजाऐवजी नुसती हवा आली, मग खोकला. तुळशीरामनं ठेका तसाच धरून ठेवला, वाट पाहिली, आणि मग हळूच हात उचलला. पुष्पा रडत होती. डेक चालूच होता. गुणवंतांना तो बंद करायचं सुचलं नाही.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि इंदिराबाई वाचल्या. आवाज गेला. जे उरलं ते कुजबुजण्याइतकं होतं, आणि तेही दोन वाक्यांनी थकायचं. दिवाळीनंतर गुणवंत आणि शकुताई त्यांच्याकडे दोन कॅसेटी घेऊन गेले.

"पहिलीत तोडी आहे," गुणवंत म्हणाले. "तिच्यात तुम्ही मध्ये नाही. माझी चूक आहे. दुसरीत भजन आहे. ती बरोबर भरली आहे."

बाईंनी पहिली कॅसेट आपल्या लहानशा टेपरेकॉर्डरमध्ये घातली. त्याला एकच स्पीकर होता. तोडी सुरू झाली. तो आवाज खोलीत आला तेव्हा बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि पुरता आलाप होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग यंत्र थांबवून त्या कुजबुजल्या, "कुठे आहे खड्डा?"

"या टेपवर नाही कळणार. एकाच स्पीकरातून दोन्ही बाजू येतात, म्हणून सगळं एका जागी वाटते."

"मग मला नको सांगू," बाई म्हणाल्या. "मला हेच पाहिजे."

दुसरी कॅसेट त्यांनी लावलीच नाही. हातात घेऊन गुणवंतांपुढे धरली. "ही तू ने."

"बाई, हीच तर नीट—"

"त्या दिवशी फुटला तो आवाज मी एकदा ऐकला आहे." त्यांना दम लागला. "परत नाही ऐकायचा. अन् कोणाला ऐकवू पण नको."

बाहेर रस्त्यावर आल्यावर गुणवंत म्हणाले, "घरी जाऊन पुसून टाकतो."

"काही पुसायचं नाही," शकुताई म्हणाल्या.

"त्या नको म्हणाल्या."

"ऐकवू नको म्हणाल्या. पुसा नाही म्हणाल्या." त्या रस्त्यातच थांबल्या. "तुम्ही नाही ऐकलं ते, मी ऐकलं आहे. तिथे त्या बसल्या आहेत, अहो. समोर. श्वास घेतात ते पण कळते."

गुणवंतांनी कॅसेट पुसली नाही. पुष्पानं लग्नाआधी एकदा मागितली, तुळशीराम दरवर्षी मागायचा; दोघांनाही त्यांनी नाही म्हटलं. इंदिराबाई पुढे बरीच वर्षं शिकवत राहिल्या. मुली गायच्या, आणि चुकलं की बाई मांडीवर थाप मारायच्या. रोज दुपारी त्या तोडी लावून पडतात, असं पुष्पा सांगायची. गुणवंतांनी पुन्हा माइक काढले, पण शकुताई बरोबर असल्या तरच. जागेवरून दोघांत वाद व्हायचा, आणि बहुतेक वेळा गुणवंत ऐकायचे.

कधी सुट्टीच्या दुपारी शकुताई हेडफोन लावून, डोळे मिटून ते भजन ऐकत. गुणवंत समोर पेपर उघडून बसत. वाचत मात्र नसत. बायकोच्या चेहऱ्यावरून गाणं कुठवर आलं आहे हे समजतं का, ते पाहत राहत. दुसऱ्या अंतऱ्यात बाईंचा आवाज फुटायची जागा आली की शकुताई डोळे उघडायच्या, आणि तेव्हा ते पेपर तोंडासमोर धरायचे.