सत्त्याण्णव दिवसांचा दावा

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या ग्लेनिस प्रूएट बाई एकतीस वर्षं परदेशी लोकांची वकिली करत होत्या. फराई मुकवाशीचा दावा त्यांनी जेमतेम पानभर लिहिला. झिम्बाब्वेहून आलेल्या, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या या माणसाला सरकारने स्थलांतरितांच्या केंद्रात सत्त्याण्णव दिवस कोंडून मग सोडलं होतं. कोंडणाऱ्यानेच कारण दाखवायचं, हा जुना नियम बाईंना पुरेसा वाटला.

न्यायाधीशांना तो पुरेसा वाटला नाही. "कैद झाली, हे मान्य. पण चूक कुठली आणि कुठल्या दिवसापासून, ते लिहा. नुसतं बेकायदेशीर म्हटलंत तर समोरच्यानं उत्तर कशाचं द्यायचं?" चौदा दिवसांची मुदत मिळाली, नाहीतर दावा रद्द. बाईंना राग आला, पण न्यायाधीशांचं म्हणणं अगदीच चूक नाही हेही त्यांना कळत होतं.

मग फराई रोज कामावरून सुटला की ऑफिसात येऊन बसू लागला. बाई केंद्रातले कागद काढायच्या, तारीख वाचायच्या आणि त्या दिवशी काय झालं ते विचारायच्या. पहिले दोन दिवस तो बोलला. तिसऱ्या दिवशी चहा तसाच ठेवून म्हणाला, "प्रूएटबाई, तिथं दिवस मोजायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. आता तुम्ही मोजायला लावताय."

 बाईंनी फाईल मिटली आणि त्याला बसस्टॉपपर्यंत सोडून आल्या. दुसऱ्या दिवशी तो येईल याची त्यांना खात्री नव्हती. तो आला.

सव्विसाव्या दिवसाचा कागद सहाव्या बैठकीत सापडला. केंद्रातल्या डॉक्टरांनी पाठीवरचे जुने व्रण पाहून लिहिलं होतं, की याचा पूर्वी छळ झालेला आहे, कोंडून ठेवल्याने तब्येत ढासळतेय. कायद्याप्रमाणे त्यानंतर कैदेचा फेरविचार व्हायला हवा होता. तसा एकही कागद फाईलमध्ये नव्हता.

बाईंनी दावा नव्याने लिहिला. चूक कोणती, कुठल्या दिवसापासून, कुठल्या कागदावरून, सगळं मांडलं. आधीच्या सव्वीस दिवसांत बोट ठेवावं असं काही मिळेना, म्हणून ते वगळले. लिहून झालं तेव्हा त्यांचा खांदा भरून आला होता. निवृत्तीचा विचार त्या दिवशी पहिल्यांदाच खरा वाटला.

दावा टिकला. आठ महिन्यांनी सरकारपक्षाने एकाहत्तर दिवसांची चूक लेखी कबूल केली. बाईंनी ते पत्र फराईला वाचून दाखवलं.

त्याने विचारलं, "म्हणजे ते पहिले सव्वीस बरोबर होते?"

"बरोबर होते असं नाही," बाई म्हणाल्या. "मला ते मांडता आले नाहीत."

त्याने पत्राची प्रत मागितली, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. कामाच्या पाळीची वेळ झाली होती, तो निघाला.