शेवटच्या घरचा हंडा

लोक म्हणतात, बुढा गावाची सेवा करतो. सप्त्याच्या काल्याला एकाने माइकवरून तसं सांगितलं आणि हातात नारळ दिला. मी नारळ घेतला आणि जागेवर येऊन बसलो. खरं सांगायचं तर मी हे काम सुरू केलं ते रागाने.

बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या बाजूला आमचं गाव. पाण्याची टाकी मारुतीच्या मागे उंचावर. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत विटांचा खड्डा आहे, त्यात पाइपाचा वाल. लोखंडी पाना घालून तो फिरवला की त्या गल्लीचे नळ सुरू होतात. उन्हाळ्यात गल्लीचा नंबर चार-पाच दिवसांनी लागतो. पाणी सोडणारा माणूस खामगावला जिनिंगमध्ये कामाला गेला, आणि पाना पंचायतीच्या दारामागे पडून राहिला.

ग्रामसभेत मी बोललो. मी नेहमीच बोलतो. शाळा चौथीत सुटली, पण तोंड काही कोणी बंद केलं नाही. म्हटलं, पाणी सोडणं म्हणजे काय डोंगर उचलणं आहे? वरच्या गल्लीत शेवटच्या घरी एकटी म्हातारी राहते. तिच्या नळाला पाणी पोचतं का, हे इथं बसलेल्यांपैकी कोणी पाहिलं?

सरपंचबाईंचा नवरा हसला. "आबाजी, तोंड चालवनं सोपं हाये. पाना चालवून पाहा."

"आन इकडं," मी म्हणालो. "म्हातारीचा हंडा भरून दाखवतो, तवा बोल."

मुलगा शेती पाहतो, मला कोणाच्या पैशाची गरज नव्हती. पंचायत काहीतरी देतो म्हणाली, ते मी नको म्हटलं. वाटलं होतं, पंधरा दिवसांत सगळं सरळ करू.

कसलं सरळ. वाल खोल असतो, त्यामुळे पोटावर झोपून हात खड्ड्यात घालावा लागतो. खड्ड्यात कधी विंचू, कधी कोणी टाकलेला गुटख्याचा कागद. खांद्यात जी कळ बसली ती बसलीच. त्यात वरून माणसांचा ताप. जेवायला बसलो की दारात कोणीतरी उभं. "आबाजी, आमच्या गल्लीले कमी सोडलं." न्हाव्यासमोर अर्धी दाढी झालेली, तिथेही, "आबाजी, खालच्या गल्लीवर लई माया हाये तुमची." बायको म्हणायची, "गावाचे नळ सोडता, अन् आपला मोरीतला नळ होळीपासून गळून राह्यला, तो कोन पाहीन?" तिचं खरं होतं, पण मला उठवत नव्हतं.

आणि म्हातारीचा हंडा कोरडाच. वरच्या गल्लीला सगळ्यात जास्त वेळ पाणी सोडून पाहिलं. सगळ्यात आधी सोडून पाहिलं. तिच्या तोटीतून नुसता फुस्स वारा. ती हंडा उचलून हातपंपाकडे निघायची, कमरेवर एक हात ठेवून, आणि जाता जाता मला म्हणायची, "राहू दे भाऊ, नको जीव काढू." ते ऐकलं की मला आणखी राग यायचा.

कारण मला माहीत होतं. गल्लीत घरोघरी नळाला टिल्लू मोटार. नळ सुरू झाला की मोटारी पाणी ओढून घेतात, शेवटपर्यंत काही उरत नाही. मी भिंतीला कान लावत गल्लीतून फिरायचो. एका घरातून आवाज आला म्हणून बाहेरून ओरडलो, "मोटार बंद करा!"

आतून उत्तर, "मोटार नाही आबाजी, मिक्सर हाये. चटणी वाटून राह्यली."

"एवढी चटणी? लगन हाये का घरात?"

आत दोघी-तिघी फिसकन हसल्या. मोटार चालूच. मोटारी असतात न्हाणीत, पडद्यामागे. तिथं लेकीसुना असतात. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने तिथं पाय कसा टाकायचा? त्या वेळेपुरती गावाची लाइट बंद करा म्हटलं, तर गिरणीवाला भांडायला आला.

असे दोन उन्हाळे गेले. सभेतलं बोलणं कोणी विसरत नव्हतं. पारावर बसलो की कोणीतरी विचारायचं, "भरला का हंडा?" मी पारावर बसणंच सोडलं.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. बुलढाण्याच्या डॉक्टरने सांगितलं, ऑपरेशननंतर वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. पुढच्या सभेत मी पाना टेबलावर ठेवला. कोणी पुढे येईना. तेवढ्यात वरच्या गल्लीतली एक बाई उठली. माझ्या सुनेच्या वयाची, आणि गावात सगळ्यांत भांडखोर. नवरा मलकापूरकडे ट्रकवर असतो. "पाना ठिवा नाही तं डोक्यावर घ्या," ती म्हणाली, "आमच्या गल्लीले पानी कवा भेटीन ते सांगा."

माझं डोकं फिरलं. "मंग तूच घे ना पाना!"

तिने घेतला. पदराने पुसला आणि काखेत मारला.

ऑपरेशननंतर घरात बसून होतो. मनात वाटायचं, आता समजेल हिला. खोटं कशाला बोलू, काम बिघडावं असंच वाटत होतं. काळा चष्मा लावून फिरायची परवानगी मिळाली तसा पहिला वरच्या गल्लीत गेलो. गल्लीचा नंबर होता. म्हातारीच्या दारात हंडा काठोकाठ भरलेला, आणि ती नळाखाली वाकळ धूत होती.

"भाऊ, तुमी नव्हते तरी पानी आलं," ती म्हणाली. आनंदाने म्हणाली, टोचायला नाही.

"कसं आलं?"

"ते बाई घरोघरी घुसते नं. चहा पेयाले आली म्हनते अन् सरळ न्हाणीत जाते. मोटारीची पिन उपसते अन् पदराले बांधून घेऊन जाते. पानी गेल्यावर वापस देते."

मी तसाच गल्लीच्या तोंडाशी गेलो. बाई खड्ड्याशी बसली होती. मी हात पुढे केला. "आन पाना."

"डोया बरा झाला का?"

"तुले काय करायचं? आन."

तिने पाना मांडीवरच ठेवला. "आबाजी, हा वाल माह्यानं फिरत नाही. रोज कोनाचे तरी पाय धरा लागते. अन् तुमाले न्हाणीत जाता येत नाही. मंग एकट्यानं काय करसान?"

"मी कोनाच्या सांगन्यावर पानी सोडत नसतो."

"नका सोडू मंग. म्हातारी जाईन हातपंपावर."

ऊन डोक्यावर होतं, चष्म्यातूनही डोळा चुरचुरत होता. भांडायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी भांडणाचाही कंटाळा आला. पाना घेतला आणि खड्ड्याच्या काठावर बसलो.

डॉक्टरने आता वाकायची मोकळीक दिली आहे. आमच्यात ठरलं असं कोणी बोललं नाही, पण चालू आहे. बाई आधी गल्लीत शिरते. सगळ्या पिना पदरात येईपर्यंत मी वाल उघडायचा नाही. तिला वेळ लागतो. कुठे खरंच चहा पिते, कुठे भांडते, तिचा आवाज खड्ड्यापर्यंत येतो. गावात आजवर मी कोणाचंच ऐकून घेतलं नाही, आता एका बाईच्या हाकेसाठी खांदा चोळत बसून राहतो. येणारेजाणारे पाहतात. पाहू देत.

मग वरून ओरडते, "सोडाऽ आबाजी!"

मी पोटावर झोपतो आणि हात आत घालतो.