डॉक्टरांनी तीनदा धुतलेलं भांडं

फेलिक्स कोबल आमच्या संस्थेत निकेल जोडायचा. अख्ख्या ल्युब्ल्याना शहरात त्याच्यासारखा सांधा दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मी शेजारच्या लेथवर होतो. अठरा वर्षं ऐकलं. खोटं नव्हतं.

बासष्टच्या हिवाळ्यात वरच्या प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ डॉक्टर श्केर्लेप वर्कशॉपमध्ये उतरले. त्यांना झेनॉन वायू फ्लोरिनशी जोडायचा होता. झेनॉन कुणाशीच जोडला जात नाही, असं तोवर पुस्तकं सांगायची. कोबल त्याला निवृत्त संचालक म्हणायचा: जागा अडवतो, करत काही नाही. पण परदेशात कुणीतरी त्याला कामाला लावलं होतं, म्हणून डॉक्टरांना घाई. झेनॉनची मुठीएवढी एकच बाटली आली होती. दुसरीला वर्ष लागलं असतं.

कोबलने निकेलचं भांडं नऊ दिवसांत केलं. जोडलं, घासलं, धुतलं, भट्टीत सुकवलं. मग थोडा थोडा फ्लोरिन आत सोडून धातूवर पातळ साय धरू दिली. ती धरली की फ्लोरिन भांडं खात नाही. मात्र चरबीचा एक ठिपका राहिला तर पेट घेतो; भांडंही जातं, झेनॉनही. म्हणून न्याहारीनंतर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कोबल कुणाला टेबलाजवळ येऊ देत नसे.

भांडं न्यायला डॉक्टर आले ते सॉसेज खात. साय धरल्यावर काढलेली झडप अजून परत बसवायची होती. त्यांनी भांड्याच्या तोंडात बोट घालून आतून फिरवलं. छान गुळगुळीत झालंय, म्हणाले.

कोबलने भांडं उचलून आपल्या मागे ठेवलं. आज जाणार नाही, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, फडक्याने पुसा की. फडक्याने नाक पुसतात, कोबल म्हणाला. मग डॉक्टर तापले. उद्यापासून बॉयलरवर पाठवतो, म्हणाले.

"पाठवा. तिथे ऊब असते," कोबल म्हणाला. "पण भांडं माझं आणि चरबी तुमची. तुम्हीच धुवा."

डॉक्टरांनी सॉसेज खाली ठेवलं. मग त्यांनी कोट काढला.

कोबलची परीक्षा साधी होती. पाणी सपाट निथळलं तर पास. थेंब धरला तर चरबी आहे. पहिल्यांदा थेंब धरला. दुसऱ्यांदाही.

"घरी ताटं आई धुते वाटतं, डॉक्टर?"

तिसऱ्यांदा पाणी सपाट उतरलं. पुन्हा सुकवणं, पुन्हा साय. तीन दिवस गेले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हाला वर बोलावलं. कोबलने आधी भांड्याचा सांधा सगळीकडून पाहिला. मग काचेच्या बंद नळीकडे वळला. आत नखावर मावतील एवढे पांढरे स्फटिक होते.

"तुमचे संचालक जोडले गेले, मिस्त्री," डॉक्टर म्हणाले.

एवढंसंच, कोबल म्हणाला. आणि त्याने पुढे काही विचारायच्या आत डॉक्टरांनी आपले धुतलेले दोन्ही पंजे उलटसुलट करून दाखवले.