जरा अ‍ॅडजस्ट करा!

लातूर-अहमदपूर असं रोज एसटीनं अप-डाऊन केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक अंगावर येऊन बसतात. आमच्या शाळेतल्या मास्तर मंडळींचे निम्मे किस्से तर एकाच इंग्रजी शब्दाचे. अ‍ॅडजस्ट!

*

एकदा एसटीत एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, जरा अ‍ॅडजस्ट करता का?" मी सरकलो. त्यांनी सून बसवली. मी आणखी सरकलो. नातू आला. मग बोचकं आलं, आणि मी उभा! मावशी सुनेला म्हणाल्या, "माणूस लई गुणाचा हाय बग!"

*

शाळेत अर्थ वेगळा. गणिताचे सर रजेवर गेले की हेडसर पीटीच्या शिंदेसरांना म्हणतात, "तेवढा तास अ‍ॅडजस्ट करा." शिंदेसरांनी सतराचा पाढा उठाबशा काढत म्हणून घेतला. आता पोरांना सतरा सक्कं विचारलं की आधी खाली बसतात!

*

याच शिंदेसरांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "आमच्यात अ‍ॅडजस्ट होशील ना?"

"हाव, होईन की! तुमच्यातून कोण कोण होणार हाय?"

पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला.

*

इंग्रजीच्या गायकवाड मॅडमनी शेवटी डिक्शनरी काढली. शब्द फ्रेंचातून आलेला, मूळ लॅटिन, आणि मुळातला अर्थ 'जवळ आणणं'! हेडसर म्हणाले, "म्हंजे 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणत माणसं चिकटवणारा एसटीचा कंडक्टरच बरोबर बोलून राहिला की!"

सगळे हसले, मॅडम सोडून. त्यांचे मिस्टर पार नांदेडच्या पुढं, नायगावला मास्तर. चार वर्षं एका गावी बदलीचे अर्ज चालू, आणि शिक्षण ऑफिसातले साहेब दर वेळी सांगतात, "मॅडम, सध्या अ‍ॅडजस्ट करा." लेकरू बापाला मोबाइलवरच बघतं. मला लई वाईट वाटायचं.

*

गेल्या महिन्यात त्याच साहेबांची कार अहमदपूरला बंद पडली. आले ते आमच्या लातूर गाडीत! गाडी गच्च. मॅडमच्या शेजारचे शिंदेसर साहेबांसाठी अदबीनं उठले. मॅडमनी रिकाम्या सीटवर लगेच पर्स ठेवली.

साहेब म्हणाले, "मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट..."

"मिस्टरांची जागा आहे, साहेब. नायगावला चढणार आहेत."

साहेबांना हसू आलं. "अहो मॅडम, गाडी लातूरला चालली. नायगाव कुठं, लातूर कुठं!"

"तेच तर चार वर्षं तुम्हाला सांगून राहिले!"