रेवणसिद्धप्पाची मरणं

चिटगुप्प्याच्या बाजारात कापडाच्या दुकानावर गज घेऊन उभा असणारा रेवणसिद्धप्पा उभ्या जन्मात एकदाही राजा झाला नाही. जत्रेतल्या नाटकांत तो हवालदार व्हायचा, मुनीम व्हायचा, नायिकेचा आजारी बाप व्हायचा. नाटक मराठी असो की कानडी, त्याच्या वाट्याला चार वाक्यं यायची आणि तेवढ्यावर स्वारी खूश. त्याची बायको सिद्धव्वा मात्र चिडायची. महिनाभर तालमी करायच्या आणि लोकांना दिसायचं पाच मिनिटं, हे तिच्या हिशेबात कधी बसलं नाही.

मग गुलबर्ग्याला टीव्हीचं केंद्र झालं. तिथल्या गुरुराज नावाच्या तरुण प्रोड्यूसरनं रेवणसिद्धप्पाला जत्रेत पाहिलं होतं. त्याला खेड्यापाड्यांसाठी कार्यक्रम करायचे होते आणि त्यांत आपल्याकडची कानडी बोलणारा म्हातारा हवा होता. त्या कार्यक्रमांची रीत ठरलेली होती. सरकारचं ऐकणारा जगायचा, न ऐकणारा मरायचा. रेवणसिद्धप्पा न ऐकणारा. साप चावला की तो दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जायचा. क्षयाच्या गोळ्या उकिरड्यात टाकायचा. दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस, पण टीव्हीवर दारू पिऊन असा मेला की शेजारणी सिद्धव्वाकडे कीव करून बघायला लागल्या.

पहिल्या मरणाच्या वेळी गुरुराजनं त्याला आडवं निजवलं होतं. रेवणसिद्धप्पा उठून बसला. "साहेब, आमच्यात मेलेल्याला निजवीत न्हाईत, बसवितात," म्हणाला. भिंतीला टेकला, कपाळभर विभूती फासली आणि गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, लिंगायतांत शेवटी ठेवतात तसं. श्वास तर असा रोखला की कॅमेरावालाच घाबरला. घरी येऊन त्यानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. नाटकाला लिंग दुसरं घ्यायचं होतं, अंगावरचं काढायचं नव्हतं, असं सिद्धव्वाच्या ओठावर आलं होतं. ती बोलली नाही आणि पुढं जन्मभर त्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिली.

रेवणसिद्धप्पाची थोरली बहीण नागम्मा करजगीला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला काखेत घेऊन वाढवलेलं. करजगीच्या पंचायतीत टीव्ही आला आणि नागम्मानं त्या पेटीत पाहिल्या त्या बातम्या, पूर आणि कुण्या पुढाऱ्याची अंत्ययात्रा. पेटी खरं तेच दाखवते, हे तिच्या मनात पक्कं बसलं. एका संध्याकाळी तिला त्या पेटीत तिचा रेवण्या दिसला, भिंतीला टेकून बसवलेला, हातात लिंग. लोक म्हणाले, अक्का, नाटक असंल. ती म्हणाली, लिंग हातात घेऊन कुणी नाटक करतंय व्हय?

दुसऱ्या दिवशी तीन बस बदलून ती चिटगुप्प्याला आली. काखेत भावाला नेसवायला नवं धोतर होतं. गल्लीच्या तोंडापासूनच तिनं हेल काढला, "रेवण्या, मला टाकून कुठं गेलास रे!" आणि रेवणसिद्धप्पा ओट्यावर बसून बशीतनं चहा पीत होता.

तो हसला. इथंच चुकलं. त्याच्या मागोमाग अख्खी गल्ली हसली. सिद्धव्वानं चहा पुढं केला, पण नागम्मानं कपाला हात लावला नाही. धोतर परत काखेत मारलं आणि आल्या पावली निघून गेली. बरं, एवढ्यावर तरी थांबावं! पण नटाला गोष्ट सापडली होती. वर्षभर रेवणसिद्धप्पा दुकानात, लग्नात, बस-स्टँडवर अक्काचा तो हेल हुबेहूब काढून दाखवायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

नागपंचमीला ती माहेरी आली नाही. दिवाळीला आली नाही. पुढच्या पंचमीलाही नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बायकोला घेऊन तो करजगीला गेला. नागम्मानं दोघांना जेवू घातलं, वर तूप वाढलं आणि भावाशी एक अक्षर बोलली नाही. निघताना तो पाया पडला तेव्हा म्हणाली, "लिंग हातात घिऊन खोटं मेलास, रेवण्या. आता खरं मेलास तर मी कशी ओळखू?"

त्या दिवसानंतर त्यानं हेल कधी काढला नाही. त्र्याऐंशी साली गुरुराज स्वतः घरी आला. बारा भागांची मालिका होती आणि म्हातारा आजोबा पहिल्यापासून शेवटपर्यंत. एवढं मोठं काम रेवणसिद्धप्पाला आयुष्यात पहिल्यांदाच सांगून आलं होतं. त्यानं एकच विचारलं, "शेवटी मरतो का?" गुरुराज म्हणाला, "त्याशिवाय गोष्ट कशी संपेल?"

"मग दुसरं कुणी बघा."

गुरुराजनं पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या मालिकेतला आजोबा मरताना रेवणसिद्धप्पा शेजाऱ्याच्या दारात उभा राहून बघत होता. "श्वास दिसायलाय त्याचा," एवढंच बोलला आणि घरी येऊन न जेवता झोपला. सिद्धव्वानं विचारलं, "अक्काला कळवू का, तुमी काम सोडलं म्हणून?" तो म्हणाला, "कळवून काय? तिनं विचारलं तर सांगंन."

नागम्मानं विचारलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या पौषात तो छातीच्या दुखण्यानं गेला. या खेपेला गोळ्या सगळ्या वेळेवर घेतल्या होत्या. करजगीला तार गेली. त्याला भिंतीला टेकवून बसवलं, विभूती लावली, लिंग हातात दिलं. दुपार कलली तशी माणसं कुरकुरायला लागली. सिद्धव्वा जागची हलली नाही. "अक्का आल्याबिगर उचलायचं न्हाई," म्हणाली.

नागम्मा आली ती कमरेत वाकून, गुपचूप. रडली नाही. भावापुढं बसली आणि त्याच्या छातीकडं एकटक बघत राहिली. ती काय शोधते आहे, हे एकट्या सिद्धव्वाला कळलं आणि तिचा जीव कळवळला.

"अक्का," ती म्हणाली, "तुमच्याकडनं आल्यावर ते पुन्हा कधी मेले न्हाईत. मोठं काम दारात आलं होतं. मरायचं होतं म्हणून न्हाई म्हणाले."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुमी विचारलं तर सांगंन म्हणायचे."

नागम्मानं पिशवीतनं धोतर काढलं. दहा वर्षांच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. ते तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि मग हेल काढला, "रेवण्या, मला टाकून कुठं गेलास रे!"

दारातल्या माणसांना तो हेल पाठ होता. शब्द तेच होते, चढउतारही तोच. आज कुणी हसलं नाही.