धोतर एक नग, पास

शनिवार, वैशाख महिना, सन १९३२. ठिकाण: सोलापूर, आमच्या मिलचं फोल्डिंग खातं, म्हणजे कापड तपासून घडी घालायचं. हजर: मी (खात्याचा हेडक्लार्क), नरसय्या (साळखात्यातला विणकर), चांदसाब (गेटवरचे जमादार), आणि वरच्या मजल्यावर दार लावून मॅनेजरसाहेब.

साडेबारा वाजले होते. नरसय्या माझ्या टेबलासमोर उभा होता. हाताला हळद, केसांत कापूस.

"साहेब, आज माझं लगीन हाय."

"मग इथं काय करतोस?"

"साचे संभाळतोय की."

त्याचं बरोबर होतं. साचा म्हणजे माग. एका विणकराकडे दोन साचे असत. तो आला नाही, तर जॉबर, म्हणजे रांगेचा मुकादम, ते साचे बदली कामगाराला देई. बदलीचा हात चांगला निघाला की साचे गेलेच. म्हणून हा पठ्ठ्या हळद लावून कामावर आला होता. दुपारच्या सुट्टीत त्याचा चुलतभाऊ येऊन साच्यांवर उभा राहिला. घरचा माणूस, साचे परत देणार. इथवर बेत पक्का होता.

आत यायला अडचण नव्हती. अडचण बाहेर जायची होती.

झालं असं, की आमच्या मिलचं पान 'पास' या शब्दाशिवाय हलत नसे. बाहेर जायचा गेटपास. दुखणं खरं आहे म्हणून डॉक्टर देत ती चिठ्ठीही पास. साहेबांच्या खिशात रेल्वेचा पास. ताका, म्हणजे कापडाचा सबंध तुकडा, तपासून बिनडाग निघाला की तो पास. बिल पास, भाचा मॅट्रिक पास, सुट्टीत पत्ते खेळताना हातात काही नसेल तर तोही पास. मुलगी बघून आलेले विणकरसुद्धा मान हलवून "पास" म्हणायचे. शब्द एक, आणि कागद पन्नास तऱ्हेचे. चांदसाबना वाचता येत नव्हतं, 'पास' एवढा एकच शब्द ते ओळखत. आदल्या दिवशी एकजण त्यांना पुतण्याचा शाळेचा निकाल दाखवून बाहेर पडला होता. त्यावरही 'पास' लिहिलेलं होतंच.

हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं. सकाळी हुकूम निघाला. सगळ्या चिठ्ठ्या आजपासून बंद. नवे छापील पास पुण्याहून सोमवारी येतील. तोवर भोंगा होण्याआधी गेटबाहेर एकच गोष्ट जाईल: फोल्डिंग खात्याचा जांभळा गोल शिक्का असलेलं कापड. आणि मला वेगळं काम दिलं. मिलमधले 'पास'चे सगळे उपयोग लिहून काढा, प्रत्येकापुढे दुसरा शब्द सुचवा. नरसय्या आला तेव्हा माझे नऊ उपयोग लिहून झाले होते.

"गाडी कितीची?"

"दोनची. अक्कलकोट रोडला उतरायचं, तितनं गाडीबैल मैंदर्गीला. गोरज मुहूर्त हाय."

"भोंगा सहाला. उशीर झाला तर थांबतील की."

"न्हाय थांबणार, साहेब. सासरा लई तापट. त्यानं आणखी एक पोरगा बघून ठेवलाय. मांडवातच बसवलाय त्याला, जेवायला म्हणून." नरसय्याने हातावरची हळद चोळली. "लग्नालाबी बदली मिळतो की, साहेब."

मी वर गेलो.

"साहेब, एका विणकराला आत्ता सोडायला हवं. नवरदेव आहे."

"कापड आहे का?" साहेबांनी मान वर केली नाही.

"नाही. माणूस आहे."

"मग सहा वाजता. सकाळी काढलेला हुकूम दुपारी मीच मोडला, तर गेटवर उद्या माझ्या आजोबालाही पास म्हणून दाखवतील."

खाली आलो. एक वाजून दहा मिनिटं. चिठ्ठी लिहिली, सही केली, वर जांभळा शिक्का मारला आणि नरसय्याला घेऊन गेटवर गेलो.

चांदसाबनी चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली. "क्लार्कसाब, चिठ्ठी बंद है."

"शिक्का आहे ना?"

"शिक्का कपडे पे होना. कागद पे नै. साब बोले सो बोले."

"अहो, याचं लग्न आहे."

"मुबारक. छे बजे जाना."

नरसय्या मटकन खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने लग्नाचं नवं धोतर आधीच नेसलं होतं. आमच्याच मिलचं. मी खात्यात परत गेलो, शिक्का आणि शाईची गादी घेऊन आलो.

"ऊठ. सोगा धर."

"अय्यो, साहेब, नवं हाय!"

"मैंदर्गीला जायचंय का नाही?"

त्याने सोगा धरला. मी शिक्का दाबून मारला.

चांदसाबनी वाकून शिक्का बोटाने चाचपला. मग नरसय्याभोवती एक फेरी मारली. "धोती पास. हौ. लेकिन ये आदमी?"

"तो आत आहे. पास झालेली गठडी तुम्ही गेटवर उघडून बघता का?"

चांदसाबनी कमरेचा पट्टा सारखा केला. वीस वर्षांत त्यांनी शिक्क्याची गठडी एकदाही उघडली नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता.

"गठडी खोलने का हुकूम नै," ते शेवटी म्हणाले आणि बाजूला झाले. "जा रे. भाग!"

नरसय्या सोगा वर धरून स्टेशनच्या दिशेने असा पळाला, की रस्त्यातल्या शेळ्या बिथरल्या.

सोमवारी साहेबांनी गेटचं बुक मागवलं. शनिवारची नोंद चांदसाबनी कुणाकडून तरी लिहून घेतली होती: 'धोतर एक नग, पास. आत माणूस.' साहेबांनी ती दोनदा वाचली. मला उभं ठेवून तिसऱ्यांदा वाचली.

"नवरदेव पोचला?"

"पोचला, साहेब. चुलतभावाकडे निरोप आलाय. साचेही शाबूत आहेत."

"यादीत घ्या. दहावा उपयोग."

मंगळवारी नरसय्या लाडू घेऊन आला. मुहूर्ताला तो घामाघूम पोचला होता. मांडवात सगळ्यांचं लक्ष शिक्क्याकडे. सासऱ्याने विचारलं, हे काय? खरं सांगायला वेळ नव्हता. हा म्हणाला, मिलचा शिक्का हाय, तपासल्याबिगर मारत न्हाईत. सासरा खूश. जेवायला बसवलेला दुसरा मुलगा जेवून गेला. शाई मात्र धोतरावरून अजून निघालेली नाही. ती निघू नये अशीच केलेली असते.

मी यातून एक गोष्ट शिकलो. हुकूम लिहिताना माल आणि माणूस वेगवेगळ्या ओळींत लिहावेत.

यादीतल्या नऊ उपयोगांपुढे मी दुसरे शब्द लिहिले, साहेबांनी सही केली. दहाव्यापुढची जागा मोकळी आहे. शिवाय मैंदर्गीहून सासऱ्याचं पत्र आलं आहे. धाकट्या मुलीसाठी स्थळ बघतोय, तुमच्याकडचा एखादा शिक्क्याचा मुलगा असल्यास कळवावे. त्याला काय उत्तर द्यायचं, तेही अजून राहिलं आहे.