भिंतीलगतची बोटभर फट

माझी थोरली बहीण लाकडी जमिनी घालते. बाईमाणूस दिवसभर गुडघ्यांवर बसून फळ्या ठोकते, याचं लोकांना अजून नवल वाटतं; तिला लोकांचं नवल वाटतं. कामावर सगळे तिला 'फटवाली' म्हणतात. चारी भिंतींलगत बोटभर फट सोडल्याशिवाय ती काम पुरं करत नाही, म्हणून. वरून पट्टी बसली की फट दिसतही नाही, तरी लोक कुरकुरतात आणि ताई ते कानाआड करते.

फळ्या आल्या की ती लगेच कामाला लागत नाही. गठ्ठे सोडून, मध्ये काड्या घालून, पंधरा दिवस त्या त्याच खोलीत ठेवते. वाळलेलं लाकूडही हवेतला ओलावा पीतच असतं, हे तिचं म्हणणं. दमट दिवसांत फळी रुंदीला फुगते, कोरड्या दिवसांत आक्रसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. एका फळीचं फुगणं केसाएवढं, पण शंभर फळ्या शेजारी बसल्या की त्याचं बोट होतं, आणि त्या बोटाला कुठेतरी जागा हवी. हे ऐकून ऐकून घरात सगळ्यांना पाठ झालंय.

गेल्या वर्षी तिने एका शाळेच्या नाचाच्या हॉलमध्ये जमीन घातली. काम देखणं झालं. पट्टी लावायचं तेवढं कंत्राटदाराने स्वतःकडे ठेवलं, कारण आधी रंगारी भिंती रंगवणार होता. चार महिन्यांनी हवा दमट झाली आणि हॉलच्या मधोमध फळ्या पोट सुटल्यासारख्या वर आल्या. एक मुलगी अडखळून पडली, तिचा पाय मुरगळला.

कंत्राटदार घरी आला. ओलं लाकूड वापरलं एवढं लिहून द्या, म्हणाला, बाकी मी सांभाळून घेतो. पुढचे दोन हॉल तुमचेच. नाही तर मुख्याध्यापिका तुमचं नाव सगळ्या शाळांना कळवतील. खरं सांगतो, मला हे पटलं. सही करून मोकळी हो, नसती बिलामत कशाला, असं म्हणत मी पेनही पुढे केलं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी मुकाट्याने खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पहार घेऊन शाळेत गेली. काही भलतंच होऊ नये म्हणून मीही मागोमाग गेलो. तिच्या निरोपावरून मुख्याध्यापिका, कंत्राटदार, रंगारी, सगळे हजर होते. तिने कुणाला विचारलं नाही. पट्टीमागे पहार घातली आणि पट्टी उचकटली. फट नव्हतीच. तळापासून वरपर्यंत सिमेंट भरलेलं, दगडासारखं. रंगाऱ्याने खाली मान घालून सांगितलं, फट बरी दिसत नाही, बुजवून टाक, असं साहेब म्हणाले होते. आणि बिचाऱ्याने मन लावून बुजवली होती.

कंत्राटदार वरमला नाही. लाकूड ओलं नसतं तर फुगलंच नसतं, म्हणाला. ताईने मोजून एक फळी सोडवली आणि उलटी करून मुख्याध्यापिकांसमोर धरली. मागे पेन्सिलीने तारीख होती आणि त्या दिवशी यंत्राने दाखवलेला ओलाव्याचा आकडा. लाकूड चांगलं कोरडं होतं. दर दहाव्या फळीमागे ती असं लिहून ठेवते, हे मलाही तेव्हाच कळलं.

मुख्याध्यापिका समजूतदार होत्या. दोघांचीही थोडी थोडी चूक लिहू, विषय मिटेल, असं त्यांनी सुचवलं. मी मनात म्हटलं, घे बाई, एवढं तरी घे.

"थोडीसुद्धा नाही," ताई म्हणाली. "माझी नाही आणि लाकडाचीही नाही. हवा ओली झाली, ते फुगलं. तुम्ही त्याला जागाच ठेवली नाही, मग ते वर येणार नाही तर काय करणार?"

मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज, की मी पहार उचलून दुसऱ्या भिंतीची पट्टी काढायला लागलो. दोन दिवस आम्ही सिमेंट फोडत होतो. पुढच्या काही आठवड्यांत जमीन हळूहळू खाली बसली. कागदावर खरं कारण लिहिलं गेलं आणि कंत्राटदाराने दातओठ खात त्याखाली सही केली.

त्यानंतर त्याने ताईला एकही काम दिलं नाही. ती आता लहान लहान खोल्या करते, दूरदूर जाते. परवा मी पुन्हा माती खाल्ली. थोडं नमतं घेतलं असतंस तर, असं बोलून गेलो. ती गुडघ्याला तेल चोळत होती, चोळायची थांबली नाही.

"तो भेटला तर त्याला सांग," ती म्हणाली, "मी अजून याच धंद्यात आहे."